नवा फ्रिज बसवताना खरं काम पायांशी

फ्रिज घरात आला की सगळ्यांना आधी प्लग लावायची घाई होते. प्लग सगळ्यात शेवटी. दारातून फ्रिज आत जातो का, हे तुम्ही विकत घेण्याआधीच मोजलंय असं धरून चालतो.

जागा शेगडीपासून आणि उन्हापासून लांब हवी. मागे साधारण ५ सेंटीमीटर, बाजूंना आणि वर पुस्तिकेत दिलं असेल तेवढं अंतर सोडा. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. त्या बाजू गरम लागल्या तर घाबरू नका, पण म्हणूनच फ्रिज कोनाड्यात कोंबूही नका.

आता पातळी. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने. ‘डोळ्यांनी बघून सरळ उभा करा’ या सल्ल्याला काही अर्थ नाही, डोळा फसतो. पाणसळ, म्हणजे बुडबुड्यावरून पातळी दाखवणारं साधन, घ्या. आणि खोलीच्या मध्यावर पातळी साधून मग फ्रिज ढकलत जागेवर नेऊ नका, कारण फरशीचा उतार हातभर अंतरावरही बदलतो. जिथे राहणार तिथेच उभा करून खालचे स्क्रूसारखे पाय फिरवा. एकाने वरून फ्रिज किंचित मागे रेलून धरायचा, दुसऱ्याने पाय फिरवायचा. वजन पायावर असताना जोर लावलात तर आटे खराब होतात.

डावी-उजवी बाजू अगदी समपातळीत हवी. पुढची बाजू मात्र मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे दार आपोआप मिटतं. हे ‘किंचित’ किती? अर्धवट उघडून सोडलेलं दार सावकाश बंद झालं पाहिजे. धाडकन आपटलं तर पुढचे पाय जास्त उचललेत.

मग समोरासमोरचे दोन तिरके कोपरे आळीपाळीने दाबा. हिंदकळला तर एक पाय अधांतरी आहे. तो हिंदकळणारा फ्रिज रात्री घरघरतो आणि लोक कॉम्प्रेसरला दोष देतात. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायची नाही! पुठ्ठा ओल धरतो, दबतो, आणि काही दिवसांत सगळं पुन्हा तिरकं होतं. मागे फिरवायचे पाय नसून चाकं असतील, तर चाकाखाली कडक, सपाट पट्टी द्या. शेजारी-शेजारी दोन दारांचा फ्रिज असेल आणि एक दार खाली दिसत असेल, तर बिजागऱ्यांना हात लावण्याआधी त्या बाजूचा पाय उचला. शेवटी दारात कागदाची पट्टी धरून ती चहूबाजूंनी ओढून बघा. जिथे सहज निसटते तिथे रबर टेकत नाही. तिथून दमट हवा आत शिरते आणि बर्फ साचतो.

फ्रिज आडवा आणला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असू शकतं. उभा करून २४ तास थांबा. उभाच आला असेल तर पुस्तिकेत लिहिलंय तेवढे तास पुरे.

आतल्या चिकटपट्ट्या काढा, कोमट पाण्याने पुसून कोरडा करा.

प्लग थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शन बोर्ड नको. पुष्कळ नव्या फ्रिजमध्ये थंडावा आणण्यासाठी आर-६००ए हा ज्वलनशील वायू असतो, त्यामुळे ढकलताना मागची नळी चेपू देऊ नका.

तापमान फ्रिजच्या मुख्य कप्प्यात ३ ते ४ अंश, फ्रीझरला उणे १८ अंश सेल्सियस. डायलवरचे आकडे म्हणजे तापमान नव्हे. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. रिकामाच रात्रभर चालू द्या, मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवा आणि सकाळी बघा. भरून झाल्यावर पाणसळ पुन्हा एकदा लावा. वजनाने पाय थोडे बसलेले असतात.