पैसे कापले, पण ऑर्डर 'पेंडिंग'च: माझा अनुभव

कोल्हापुरात चप्पल लाईनमधल्या एका दुकानाची साइट. यूपीआयनं पैसे जायचे, ऑर्डर मात्र पेंडिंग. पैसे आल्याचं पेमेंट गेटवे साइटला वेबहुकनं (आपोआप पाठवलेल्या, सही असलेल्या संदेशानं) कळवतो; लॉगमध्ये त्यावरच 'सिग्नेचर मिसमॅच', म्हणजे सही जुळत नाही. सीक्रेट (सही तपासायची गुप्त किल्ली) बदललं, शेवटी गेटवेच बदलला. तरी तेच! दोन रात्री डोकं फिरलं.

दोष माझ्या एक्सप्रेस (नोडजेएसचं वेब फ्रेमवर्क) कोडचा. जेसन पार्सर (आलेला मजकूर वाचून त्याचा ऑब्जेक्ट करणारा भाग) आधी चालून मूळ बॉडी (संदेशाचा जसाच्या तसा मजकूर) हरवत होती. त्या ऑब्जेक्टची परत स्ट्रिंग केली की बाइट्स बदलू शकतात, मग सही जुळत नाही.

आधी वेबहुकचा रूट पार्सरच्या वर नेला. त्याला रॉ बॉडी दिली. त्याच बाइट्सवर वेबहुक सीक्रेटनं (एपीआयचं नव्हे, मी तिथंही घोळ घातलेला) एचमॅक एसएचए-256 (हीच ती सही) काढून हेडरमधल्या सहीशी ताडला. जुळल्यावरच पार्स, इव्हेंट आयडी युनिक ठेवून नोंद, मग 200 ('मिळालं' असं उत्तर). आयडी हवाच; एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो.