‘विष नसा बंद पाडतं’ एवढंच लिहू नका: सर्पविष आणि विंचवाच्या विषाबद्दलच्या या चुका टाळा

विषांवरची उत्तरं तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: “हे विष चेतासंस्थेवर परिणाम करून ती बंद पाडतं.” नागाला तेच, मण्यारीला तेच, विंचवालाही तेच. वाक्य अगदीच खोटं नाही, पण त्यातून काही कळतही नाही. विष कुठल्या प्रथिनाला धरतं आणि त्यामुळे ते प्रथिन उघडं राहतं की मिटतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं एकही लक्षण नीट समजावता येत नाही.

प्रत्येक विष म्हणजे बूच नव्हे

पफर माशातलं टेट्रोडोटॉक्सिन सोडियम चॅनलचं, म्हणजे चेतापेशीच्या पटलातल्या सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनाच्या दाराचं, तोंड बाहेरून बुजवतं. हे उदाहरण सगळ्यात आधी शिकवलं जातं, म्हणून तेच चित्र डोक्यात बसतं. विंचवाची अल्फा टॉक्सिन्स (विषद्रव्यं) मात्र नेमकी उलटी वागतात. सोडियम चॅनल उघडलं की काही मिलिसेकंदांत आपोआप निष्क्रिय होतं. त्यासाठी चॅनलच्या चौथ्या डोमेनमधला (चॅनलच्या चार भागांपैकी एकातला) व्होल्टेज सेन्सर, म्हणजे विद्युतदाब ओळखणारा भाग, बाहेरच्या बाजूला सरकावा लागतो. विंचवाचं हे टॉक्सिन त्यालाच धरून ठेवतं. चॅनल उघडतं, पण वेळेवर मिटत नाही. सोडियम आत येत राहतो, संदेश लांबतो आणि चेतातंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो.

लाल विंचवाच्या दंशात दरदरून सुटणारा घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि गंभीर रुग्णात फुप्फुसात साचणारं पाणी हे सगळं या अतिउत्तेजनातून येतं. अनुकंपी (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे) चेतातंतू ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर सोडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिनचा वापर रुजवला. ते औषध सोडियम चॅनलला हातही लावत नाही. पुराचं पाणी जिथे पोचतं, ते रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ रिसेप्टर (रासायनिक निरोप पकडणारी प्रथिनं) हे औषध अडवतं. विष जिथे बसतं तिथेच औषध बसलं पाहिजे, असं मुळीच नाही, आणि मला हे या विषयातलं फार सुंदर उदाहरण वाटतं.

बुचाचं चित्र खरोखर लागू पडतं ते पोटॅशियम चॅनलना. लाल विंचवाच्याच विषातलं आयबेरिओटॉक्सिन अवघ्या ३७ अमिनो आम्लांचं आहे आणि ते कॅल्शियमवर चालणाऱ्या मोठ्या पोटॅशियम चॅनलचं छिद्र बुजवतं. पण इथे दुसरी चूक टपलेली असते: चॅनल बंद म्हणजे पेशी शांत, असं विद्यार्थी लिहून मोकळे होतात. पोटॅशियम बाहेर जाणं हाच चेतातंतूचा ब्रेक आहे. ब्रेक गेला तर गाडी थांबत नाही. आफ्रिकेतल्या माम्बा सापाचं डेंड्रोटॉक्सिन असाच ब्रेक काढून घेतं आणि चेताटोकातून जास्त ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं रसायन, बाहेर पडतं.

नाग आणि मण्यार एकाच रकान्यात टाकू नका

दोन्ही दंशांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. बाहेरून चित्र सारखं, आत मात्र दोन निरनिराळे अपघात. नागाचं अल्फा-न्यूरोटॉक्सिन स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरवर ॲसिटिलकोलीनची जागा अडवतं. हा रिसेप्टर पाच तुकड्यांचा असतो आणि स्वतःच आयन चॅनलही असतो, त्यामुळे ‘रिसेप्टर की चॅनल’ असा प्रश्न इथे उद्भवतच नाही. त्यावर ॲसिटिलकोलीनच्या दोन जागा असतात, आणि एका जागी विष बसलं तरी दार उघडत नाही.

मण्यारीच्या विषात अशी टॉक्सिन्स असतातच, पण खरा घात बीटा-बंगारोटॉक्सिन करतं. त्याचा एक भाग फॉस्फोलायपेज ए२ हे विकर असतो आणि तो चेताटोकच उद्ध्वस्त करतो. म्हणूनच निओस्टिग्मीनचा उपयोग नागदंशात होऊ शकतो, मण्यारदंशात त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ते औषध सुटलेलं ॲसिटिलकोलीन टिकवतं. सुटलेलंच नसेल तर टिकवणार काय? प्रतिविषही रक्तातलं मोकळं विष बांधतं, मोडलेलं टोक सांधत नाही. ते पुन्हा वाढेपर्यंत व्हेंटिलेटरच श्वास चालवतो.

या चुकीची सगळ्यात वाईट आवृत्ती रुग्णाच्या खाटेशी घडते. डोळे मिटलेले, हाक मारली तर हालचाल नाही, कधी बाहुल्याही विस्फारलेल्या आणि निश्चल. ‘बेशुद्ध’, कधी तर ‘मेंदू गेला’ असा निष्कर्ष निघतो. पण ही प्रथिनं रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाहीत. स्नायू लुळे असतात, माणूस जागा असू शकतो. त्याला आपलं बोलणं ऐकू येत असतं. पापणी बोटाने उचलून धरा, त्याच्याशी बोला, पायाचं बोट हलवायला सांगा.

अल्फा-बीटाचा घोळ

चांग आणि ली यांनी १९६३ साली तैवानमध्ये मण्यारीचं विष विद्युतप्रवाहाने वेगळं केलं आणि मिळालेल्या भागांना अल्फा, बीटा अशी अक्षरं दिली. विंचवाच्या अल्फा-बीटाशी त्यांचा काही संबंध नाही. तिथे ही अक्षरं सोडियम चॅनलवरच्या दोन वेगळ्या जागा दाखवतात. ‘अल्फा टॉक्सिन’ असं अर्धवट नाव कधीच लिहू नका.

आकारावरूनही काम ओळखू नका. ‘तीन बोटी’ (हाताच्या तीन बोटांसारख्या) घडणीची सर्पप्रथिनं कुठे रिसेप्टर अडवतात, कुठे पेशीपटल फोडतात, तर माम्बाच्या फॅसिक्युलिनच्या बाबतीत थेट ॲसिटिलकोलीन मोडणारं विकर, ॲसिटिलकोलीनएस्टरेजच, रोखतात.

चॅनलमधला प्रवाह मोजण्याच्या प्रयोगात परिणामच दिसत नसेल तर

टॉक्सिन खराब निघालं म्हणून बाटली फेकण्याआधी दोन गोष्टी पाहा. नॅनोमोलर, म्हणजे अतिविरळ प्रमाणातली पेप्टाइड्स (छोटी प्रथिनं) प्लॅस्टिकला चिकटतात, ते टाळायला द्रावणात ०.१ टक्का अल्ब्युमिन हे प्रथिन घातलं का? आणि विंचवाचं बीटा टॉक्सिन तपासत असाल, तर चाचणीच्या विद्युत पल्सआधी धन व्होल्टेजचा एक झटका दिला होता का? अनेक बीटा टॉक्सिन्स दुसऱ्या डोमेनचा सेन्सर बाहेर आल्यावरच त्याला पकडून ठेवतात, आणि मग चॅनल नेहमीपेक्षा अधिक ऋण व्होल्टेजला उघडू लागतं. तो झटका दिला नाही, तर टॉक्सिन चॅनलवर बसलेलं असूनही आलेख साधाच दिसतो.