शुगरची पिशवी: बाहेर पडताना काय न्यायचं आणि कुठे ठेवायचं

मला डायबेटिस आहे. पहिल्यांदा बाहेर असताना माझी शुगर लो झाली, म्हणजे रक्तातली साखर फार खाली गेली, तेव्हा ग्लुकोजच्या गोळ्या माझ्याकडे होत्या. हे मुद्दाम सांगतेय. होत्या, पण बॅगेच्या तळाशी, छत्री आणि कागदांच्या खाली, आणि वर प्लॅस्टिकचं घट्ट सील. मी जिन्याच्या पायरीवर बसून ते सील नखाने काढतेय, हात थरथरतायत, घामाने बोटं निसटतायत, आणि डोक्यात एकच की हे उघडत का नाहीये. शेवटी दातांनी फाडलं, निम्म्या गोळ्या जिन्यावरून गडगडत खाली. तेव्हापासून सामान भरताना मी आधी एकच बघते, ही वस्तू थरथरत्या हाताने, बघितल्याशिवाय, अर्ध्या मिनिटात बाहेर निघते का. निघत नसेल तर ती घरी असल्यासारखीच.

बरं, सगळ्यांना सगळं लागत नाही हे आधीच सांगते, नाहीतर लोक घाबरून सूटकेस भरतात. डायबेटिससाठी फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर एकट्या त्या गोळीने शुगर सहसा लो होत नाही, तुम्हाला औषधाच्या गोळ्या, पाणी आणि डॉक्टरांची चिठ्ठी एवढंही पुरतं. इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यातलं काही चालू असेल तर मात्र लो होण्याची तयारी हवीच, मग घराबाहेर दहा मिनिटं असा की दहा तास. आपण काय घेतो ते माहीत नसेल तर गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, कंपनीचं नाव नाही.

सगळ्यात आधी साखर. बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून शुगर मोजायच्या मशीनवर 70 च्या खाली आलं की ते लो, 54 च्या खाली गेलं की गंभीर. अशा वेळी 15 ग्रॅम पटकन चढणारी साखर घ्यायची, 15 मिनिटं थांबायचं, परत चेक करायचं, अजून 70 च्या खालीच असेल तर परत 15 ग्रॅम. ग्लुकोजची गोळी बरेचदा 4 ग्रॅमची असते म्हणजे साधारण चार गोळ्या, पण पाकिटावर एकदा बघून घ्या कारण सगळ्या सारख्या नसतात. गोळ्या नसतील तर साधी साखर तीन-चार छोटे चमचे, किंवा गोड ज्यूस अर्धा कप. ज्यूसवर 'शुगर फ्री' किंवा 'डाएट' लिहिलंय का ते आधीच बघून ठेवा, लो असताना ते प्यायलात तर काहीच होणार नाही. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते आणि आपल्याला तेवढा वेळ नसतो.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना कोणी सांगतं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर लो झाल्यावर साधी साखर नीट काम करत नाही, कारण ही औषधं साखर आतड्यात फोडूच देत नाहीत लवकर. त्या लोकांनी शुद्ध ग्लुकोजच जवळ ठेवायचं, गोळी किंवा पावडर. पावडर असेल तर घरीच 15 ग्रॅमच्या छोट्या डब्या मोजून भरा, रस्त्यात कोण चमचा शोधणार.

मी साखर तीन ठिकाणी ठेवते, खिशात, पिशवीत आणि कामाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. सील घरीच काढून टाकते आणि गोळ्या फटकन उघडणाऱ्या डबीत भरते. सोबत बिस्किटांचा छोटा पुडा, कारण शुगर वर आल्यावर पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर पोटात काहीतरी टिकणारं जायला हवं, नाहीतर परत खाली येते.

मग मशीन. मशीन, स्ट्रिपची (ज्यावर रक्ताचा थेंब घ्यायचा त्या पट्ट्यांची) बाटली, बोट टोचायची टोचणी, जास्तीचे लॅन्सेट म्हणजे टोचणीत घालायच्या सुया, हे सगळं एकाच पाऊचमध्ये. स्ट्रिप सुट्या काढून खिशात ठेवू नका, हवेतल्या ओलसरपणाने खराब होतात, त्यांच्याच बाटलीत झाकण घट्ट लावून. बाटली उघडल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर असतं, मी उघडल्याची तारीख पेनने वरच लिहिते. मशीनचा जास्तीचा सेल पण ठेवा, आणि कुठला सेल लागतो ते आत्ताच मागचं झाकण उघडून बघा कारण तो हमखास नको त्या वेळी संपतो.

हात धुणं ही सामानात मोडणारी गोष्ट नाही पण माझ्यासाठी मोडते. एकदा फळ सोलून झाल्यावर तशीच टोचलं आणि आकडा आला 312. करेक्शनचा, म्हणजे चढलेली शुगर खाली आणायचा जास्तीचा डोस घेण्यासाठी इन्सुलिनचं पेन हातात घेतलं होतं अक्षरशः, मग वाटलं एवढं कसं, साबणाने हात धुवून परत बघितलं तर 128. बोटाला लागलेला फळाचा रस मोजला होता मशीनने. त्या 312 वर डोस घेतला असता तर पुढचं तुम्हीच बघा. म्हणून पिशवीत पाण्याची बाटली आणि स्वच्छ रुमाल असतो, आणि पाणी नसेलच तर पहिला थेंब पुसून दुसरा वापरते. आणि हो, टोचणी कोणाला वापरायला देऊ नका, घरातल्यांनाही नाही. 'एकदाच बघतो माझी किती आहे' म्हणणारे खूप भेटतात, रक्तातून आजार पसरतात, सरळ नाही म्हणायचं.

आता इन्सुलिन. न उघडलेलं फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीला, चालू केलेलं पेन साध्या तापमानाला, बहुतेक इन्सुलिनं चालू केल्यावर 28 दिवस चालतात (काही कमी काही जास्त, आतला कागद वाचा). म्हणजे रोज बाहेर नेताना बर्फाची गरज नाही, उलट बर्फाला चिकटून गोठलं तर ते गेलंच, वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी फेकून द्यायचं. गरम दिवसात पाण्यात भिजवून वापरायचं कूलिंग पाऊच मिळतं, त्यातलं पाणी उडताना आतलं गार राहतं, फ्रिज लागत नाही. बंद गाडीत पेन कधीच सोडू नका, पाच मिनिटांत येते म्हटलं तरी नाही. पिशवी आपल्या अंगाबरोबर फिरायला हवी, गाडीबरोबर नाही.

रोज स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा आत कण दिसले तर वापरू नका. काही इन्सुलिनं मुळातच दुधासारखी असतात, ती तळहातात हळूच घोळवून एकसारखी करायची, पण घोळवूनही गुठळ्या राहिल्या तर ती पण बाद.

पेनच्या सुया दिवसाला लागतात त्याहून दोन-तीन जास्त ठेवा, आणि टोचून झाल्यावर सुई पेनला लावून ठेवू नका, त्यातून गळतं आणि आत हवा शिरते. दर वेळी आधी 2 युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का बघायचं. कुपी आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा, कुपी 40 ची की 100 ची (एका मिलीत तेवढी युनिट) आणि सिरिंज तीच आहे का. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने तिच्या खुणेप्रमाणे भरलं तर डोस अडीचपट जातो. बाहेर सिरिंज संपली म्हणून कुठलीतरी विकत घेतली की हा घोळ होतो, तेव्हा जास्तीची सिरिंज घरूनच न्या.

वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची छोटी डबी. रुमालात गुंडाळून कचऱ्यात टाकलेली सुई दुसऱ्या कोणाच्या तरी हाताला लागते.

त्वचेवर चिकटवून फोनवर सतत शुगर दाखवणारा सेन्सर लावणारे म्हणतात आता मशीन कशाला. तर सेन्सर रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर पटकन पडत असताना आकडा थोडा मागे राहतो. शिवाय फोनची बॅटरी संपली की तुम्ही आंधळे. आकडा आणि अंगाला जाणवतंय ते जुळत नसेल तर बोट टोचूनच बघा. अंगावर इन्सुलिनचा पंप लावणाऱ्यांनी नळीचा एक जास्तीचा सेट आणि शिवाय पेन किंवा सिरिंज ठेवायचीच, पंपात फक्त लवकर काम करणारं इन्सुलिन असतं, नळी अडकली तर काही तासांतच कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढायला लागतात. टाइप 1 वाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यांनी, कीटोनच्या स्ट्रिप पण ठेवा, उलट्या होत असतील किंवा शुगर 250 च्या वर अडकून बसली असेल तर बघायला.

ग्लुकागॉन, म्हणजे खूप लो झाल्यावर शुगर वर आणणारं औषध, डॉक्टरांनी दिलं असेल तर ते जवळ ठेवाच, पण ते तुम्ही स्वतः वापरणार नाही हे लक्षात घ्या, तुम्ही बेशुद्ध असाल. म्हणून सोबतच्या एका माणसाला तरी ते कुठे आहे आणि कसं द्यायचं हे दाखवून ठेवा. आणि हेही सांगा की बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर काही घालायचं नाही, घशात अडकतं. कुशीवर वळवायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. मी एक कार्ड ठेवते, त्यावर मोठ्या अक्षरात 'मला डायबेटिस आहे, मी इन्सुलिन घेते', खाली औषधं आणि घरचा नंबर. लो असताना माणूस प्यायल्यासारखा बरळतो, चिडतो, आणि लोक मदत करायच्या ऐवजी लांब होतात.

चिकटपट्टी आणि जास्तीचे मोजे, एवढं पायांसाठी. डायबेटिसने पायाची जाणीव कमी होते, बूट चावला तर कळत नाही अनेकांना.

प्रवासाला जाताना लागेल त्याच्या दुप्पट, आणि दोन भाग करून दोन वेगवेगळ्या बॅगांत. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, सामानात टाकलेलं गोठू शकतं आणि बॅग हरवली तर वेगळाच ताप. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली की तपासणीत सुयांवरून वाद होत नाही.

दर रविवारी रात्री मी पिशवी पलंगावर उलटी करते. तारखा बघते, स्ट्रिप मोजते, सुयांची डबी रिकामी करायची आहे का बघते. ग्लुकोजच्या गोळ्या तर मोजतेच मोजते, कारण त्या संत्र्याच्या चवीच्या आहेत आणि घरातल्या धाकट्याला डबी कुठे असते ते पक्कं माहीत आहे. गेल्या आठवड्यात आठच्या जागी पाच निघाल्या. आता त्याची वेगळी डबी केलीय.