क्यूसी लॅब कागदावरून संगणकावर नेताना माणसांची तयारी कशी करावी

औषधाची प्रत्येक बॅच बाजारात जाण्याआधी क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमधून तपासून जाते. तिथे लिम्स (लॅबच्या सगळ्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) किंवा इलेक्ट्रॉनिक वर्कशीट आणायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष सॉफ्टवेअरकडे लागतं. कोणतं घ्यायचं, व्हॅलिडेशन, म्हणजे ते नीट चालतं हे लेखी सिद्ध करणं, कोण करणार, सर्व्हर कुठे ठेवायचा यावर बैठकांमागून बैठका होतात. माणसांच्या तयारीसाठी वेळापत्रकाच्या तळाशी दोन-तीन दिवस राखलेले असतात. व्हेंडरचा माणूस येतो, प्रोजेक्टरवर एकेक स्क्रीन दाखवतो, हजेरीपटावर सह्या होतात आणि ट्रेनिंग पूर्ण झाल्याची नोंद पडते. त्याने काहीही साधत नाही. कुठलं बटण कुठे आहे हे बी.एस्सी. झालेली मुलं दोन दिवसांत स्वतःच शोधून काढतात. बदलायची असते ती नोंद करण्याची सवय, आणि ती प्रोजेक्टरसमोर बसून बदलत नाही.

तारापूर-बोईसर, वाळूज, गोव्यातलं वेर्णा अशा ठिकाणच्या लॅबमध्ये मी हे काम करत आले आहे. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायचे सरकारी नियम, २८ डिसेंबर २०२३ला अधिसूचित झालं आणि २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या-मध्यम कारखान्यांना दिलेली मुदतवाढही ३१ डिसेंबर २०२५ला संपली. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त अमेरिकेला माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा राहिलेला नाही. पुढचं सगळं अशा मध्यम लॅबला समोर ठेवून लिहिलं आहे.

पहिली पायरी: एकच चाचणी निवडा

सगळी लॅब एका सोमवारी संगणकावर आणू नका. रोज होणारी, सगळ्यांना पाठ असलेली एक चाचणी घ्या. एखाद्या गोळीचं अ‍ॅसे, म्हणजे गोळीत औषध नेमकं किती टक्के आहे हे पाहणारी चाचणी, उत्तम.

दुसरी पायरी: आकडा सगळ्यात आधी कुठे उतरतो ते पाहा

एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, वाचून हे कळत नाही. अ‍ॅनालिस्टच्या मागे उभं राहून दोन शिफ्ट पाहा. वजनाचा आकडा बॅलन्सवर, म्हणजे वजनकाट्यावर, दिसल्यापासून वर्कशीटवर येईपर्यंत कुठे कुठे थांबतो ते टिपून घ्या. तो ज्यावर सॅम्पल ठेवून वजन करतात त्या बटर पेपरच्या कोपऱ्यावर थांबतो, ग्लोव्हच्या पाठीवर थांबतो, खिशातल्या चिठोऱ्यावर थांबतो. असं करणारा माणूस बेशिस्त आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. बॅलन्स एका खोलीत असतो, टर्मिनल दुसऱ्या खोलीत, हातात ग्लोव्ह असतात आणि ऑटो-लॉकने स्क्रीन दर पाच मिनिटांनी बंद होत असते. अशा वेळी कुणीही आकडा हाताशी असेल त्या कागदावर लिहील. तेव्हा आधी टर्मिनल बॅलन्सशेजारी आणा. जमत असेल तर बॅलन्स, पीएच मीटर आणि टायट्रेटर थेट सिस्टमला जोडा, म्हणजे आकडा हाताने लिहायची वेळच येणार नाही. हा खर्च ट्रेनिंगच्या बजेटमधून करावा लागला तरी करा. पंधरा पावलांचं अंतर कुठल्याही लेक्चरने कमी होत नाही.

तिसरी पायरी: जुन्या माणसाला पुढे करा

संगणकात हुशार म्हणून सगळ्यात तरुण मुलाला ‘सुपर युजर’ करतात. हे साफ चुकीचं आहे. त्याला मेन्यू माहीत असतात, पण एचपीएलसीचा (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) कॉलम, म्हणजे त्यातली नळी, म्हातारा झाला की आलेखावरचा पीक कसा पसरतो, पावसाळ्यात कुठलं सॅम्पल ओलावा धरतं, कुठल्या पायरीला कोण घाई करतं हे माहीत नसतं. इलेक्ट्रॉनिक वर्कशीटचा मसुदा वीस वर्षं बेंचवर काढलेल्या माणसाकडून घ्या आणि टाइप करायला तरुणाला त्याच्या शेजारी बसवा. त्या ज्येष्ठाच्या मनात आपण आता निरुपयोगी ठरणार ही भीती असते. त्याने सांगितलेला इशारा स्क्रीनवर उमटलेला त्याला दिसला की ती बरीचशी ओसरते.

चौथी पायरी: ट्रेनिंग सर्व्हरवर (खऱ्या नोंदींपासून वेगळ्या सिस्टमवर) सराव

मराठीत किंवा हिंदीत शिकवा, स्क्रीन इंग्रजी असली तरी. कंत्राटी मुलं आणि अ‍ॅप्रेंटिस यांना वगळू नका, कारण रात्रपाळीत हात त्यांचेच असतात.

पाचवी पायरी: पॅरलल रन

खरं काम इथे आहे, आणि मी सगळ्यात जास्त झगडले तीही इथेच. पॅरलल रन म्हणजे काही काळ कागद आणि सिस्टम दोन्हीकडे नोंद ठेवायची आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं. सगळे सल्लागार तो लांब ठेवायला सांगतात: तीन महिने, सहा महिने, लोक हळूहळू रुळतील. माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे.

लांबलेल्या पॅरलल रनमध्ये काय होतं ते पाहा. सॅम्पल तेवढेच, माणसं तेवढीच आणि लिहिणं दुप्पट. मग अ‍ॅनालिस्ट दिवसभर सवयीने कागदावर काम करतो आणि शिफ्ट संपताना बसून सगळं सिस्टममध्ये उतरवतो. दोन्हीकडचे आकडे जुळतात. रिपोर्टमध्ये शंभर टक्के जुळणी दिसते, मॅनेजमेंट खूश होतं, कागद बंद होतो, आणि त्यानंतर लोक चिठोऱ्यांवरून सिस्टम भरू लागतात. त्या तीन महिन्यांत तुम्ही त्यांना नेमकं तेच शिकवलेलं असतं: काम आधी, नोंद नंतर.

हे होतंय की नाही हे ओळखायला जुळणी तपासू नका, वेळा तपासा. एका दिवसाचा ऑडिट ट्रेल काढा. ऑडिट ट्रेल म्हणजे कुणी, काय, केव्हा आणि का नोंदवलं किंवा बदललं याची सिस्टमने स्वतः ठेवलेली वही. बॅलन्सचा प्रिंटआउट सकाळी १०:२०चा, एचपीएलसीवरचं पहिलं इंजेक्शन, म्हणजे यंत्रात सॅम्पल सोडणं, १२:०५चं, आणि सिस्टममधल्या सगळ्या नोंदी संध्याकाळी ६:३५ ते ६:५० या पंधरा मिनिटांत पडलेल्या असतील, तर तुमचा पॅरलल रन चाललेलाच नाही. ऑडिटर आला की तोही पहिल्यांदा वेळाच पाहतो, कारण जेव्हाचं काम तेव्हाच नोंदवणं हा डेटा इंटिग्रिटीचा, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचा, पाया आहे.

म्हणून पॅरलल रन असा करा. मुदत दोन आठवडे, एकच चाचणी, आणि प्लॅनिंगकडून त्या दोन आठवड्यांसाठी सॅम्पलचा भार कमी करून घ्या. लेखी घ्या. तोंडी कबुली महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत विरून जाते. क्रम उलटा ठेवा: नोंद आधी सिस्टममध्ये, मग कागदावर. लॅबमधले सगळे सुटे कागद उचला, बटर पेपर सोडून, आणि त्याच्यावर पेन टेकवायचं नाही हे सांगून ठेवा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं उभ्याउभ्या त्या दिवसाच्या वेळा सगळ्यांसमोर पाहा. वेळा सलग तीन-चार दिवस जुळल्या की कागद बंद करा आणि पुढची चाचणी घ्या. ‘असू द्या, सवयीसाठी’ म्हणून कोऱ्या वर्कशीटचा गठ्ठा कपाटात ठेवू नका. तो तिथे आहे तोवर वापरला जाणार.

याच पायरीचा दुसरा अर्धा भाग भीतीचा आहे. ऑडिट ट्रेलमध्ये आपली चूक कायमची दिसत राहणार, हे लोकांना पहिल्याच दिवशी कळतं. ती भीती खोटी नाही. कंत्राट दर वर्षी रिन्यू होणाऱ्या मुलाला ती जास्त असते. ती जात नाही तोवर लोक वाटा शोधतात: दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करायचं, आधी ‘ट्रायल’ म्हणून इंजेक्शन मारून निकाल पाहायचा आणि मग खरा रन लावायचा. असल्या ट्रायल इंजेक्शनपायी भारतातल्या कारखान्यांना एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची, वॉर्निंग लेटर्स आलेली आहेत.

भीतीवर उपाय म्हणून मी एकाच गोष्टीपासून सुरुवात करते. कागदावरची चूक कशी दुरुस्त करायची हे प्रत्येक अ‍ॅनालिस्टला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं: एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर लावायचा नाही. ऑडिट ट्रेल हेच करतो. बदल करताना जुनी नोंद झाकली जाऊ नये, हे १९९७च्या २१ सीएफआर भाग ११मध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलच्या एफडीएच्या नियमात, लिहिलेलं आहे. नवा कायदा आला म्हणून पाळत सुरू झाली, असं जे लोकांना वाटतं, ते इथे बरंचसं निवळतं.

मग सराव. ट्रेनिंग सर्व्हरवर प्रत्येकाने मुद्दाम एक चूक करायची, दुरुस्त करायची, ऑडिट ट्रेल छापायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. शेजाऱ्याने त्या ओळींवरून काय घडलं ते मराठीत मोठ्याने सांगायचं. मी नेहमी एक उदाहरण हाताशी ठेवते. सॅम्पलचं वजन ०.१०५२ ग्रॅम नोंदवलं, चार मिनिटांनी ०.१०२५ केलं, कारण ‘टायपो’. बहुतेक जण मान डोलावतात, आकडे उलटसुलट झाले असतील. मग मी हिशेब करायला लावते. पहिल्या वजनाने अ‍ॅसे ९७.० टक्के येत असेल, तर दुसऱ्याने तेच ९९.६ येतं. मर्यादा ९८.० ते १०२.० असेल, तर त्या एका ‘टायपो’ने नापास बॅच पास होते. वर्गात शांतता पसरते. त्यानंतर कारणाच्या चौकटीत ‘टायपो’ एवढंच लिहून भागणार नाही, बॅलन्सचा प्रिंटआउट जोडावा लागेल, हे मला सांगावं लागत नाही. प्रामाणिक माणसाला वाचवणारा कागद तोच आहे, हेही त्यांच्याच तोंडून येतं.

आणि आता सुपरवायझरचं ट्रेनिंग, जे बहुतेक ठिकाणी होतच नाही. खऱ्या सिस्टमवर पहिली चूक घडते, मुलगा येऊन सांगतो, त्या क्षणी सुपरवायझर काय बोलतो यावर पुढचं वर्ष ठरतं. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न आला की दुसरी चूक कुणी सांगायला येत नाही. ‘कुठल्या पायरीला झालं? चल, दाखव’ असं म्हणा आणि उठून त्याच्याबरोबर बेंचपर्यंत जा. मी सुपरवायझरना हे दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्यक्ष बोलायला लावते, कारण रागाच्या भरात तोंडून जुनंच वाक्य निघतं. दुरुस्त्यांची संख्या अप्रेजलमध्ये मोजणार नाही हे एचआरकडून लेखी घ्या. महिन्याभरात एकही दुरुस्ती नाही असा ऑडिट ट्रेल दिसला तर पाठ थोपटू नका, शंका घ्या. रोज शेकडो आकडे हाताळणाऱ्या लॅबमध्ये चुका होतातच.

सहावी पायरी: लॉगिन आणि अधिकार

प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन. अ‍ॅडमिनचा अधिकार क्यूसीतल्या कुणाकडेही नको, क्यूसी हेडकडेही नको. सिस्टमचं घड्याळ लॉक, म्हणजे वेळ कुणाला बदलता येणार नाही.

सातवी पायरी: मोकळा झालेला वेळ वाटून द्या

कागद गेले की ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे हाताने उतरवलेले आकडे, तपासण्यात जाणारे रोजचे तास मोकळे होतात. ते कुठे जाणार हे आधी जाहीर केलं नाही, तर माणसं कमी होणार अशी कुजबुज सुरू होते आणि कधी कधी ती खरीही ठरते. मॅनेजमेंटला माझा आग्रह असतो की ज्यांनी सिस्टम उभी केली त्यांना पुढचं काम द्या: ऑडिट ट्रेल रिव्ह्यू, निकालांचे ट्रेंड काढणं, पद्धतींचं व्हॅलिडेशन. त्यासाठी लागणारं संख्याशास्त्र फार नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन, कंट्रोल चार्ट आणि निकाल मर्यादेत असूनही एका बाजूला सरकतोय हे ओळखण्याची नजर, एवढं आठवड्याला दोन तास देऊन काही महिन्यांत शिकवता येतं.

एआयबद्दल आता प्रत्येक वर्गात विचारतात. जुलै २०२५मध्ये युरोपने जीएमपीसाठी (औषध-उत्पादनाच्या नियमांसाठी) अ‍ॅनेक्स २२ या नावाने एआयचा मसुदा काढला. त्यात रुग्णाच्या सुरक्षेवर किंवा औषधाच्या गुणवत्तेवर थेट परिणाम करणाऱ्या कामांसाठी फक्त स्थिर मॉडेल चालतील, म्हणजे वापर सुरू झाल्यावर स्वतःहून न बदलणारी आणि त्याच इनपुटला तेच उत्तर देणारी. गप्पा मारणारे जनरेटिव्ह मॉडेल अशा कामांना नको, असंही त्यात म्हटलं आहे. तेव्हा अ‍ॅनालिस्टला आत्ता कोडिंगच्या क्लासला पाठवण्याची घाई नको. क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखावर, सॉफ्टवेअरने आपोआप ओढलेली बेसलाइन (पीक जिथून मोजायचा ती तळरेषा) बरोबर आहे का, नसेल तर ती हाताने का बदलली, हे दोन ओळींत लिहिता येणं आधी पक्कं करा. मशीनने दिलेलं उत्तर तपासून त्याखाली सही करण्याचं काम त्यांच्याकडेच येणार आहे, आणि त्याचा सराव आजच्याच एचपीएलसीवर होतो.

आठवी पायरी: नवीन येणाऱ्यांसाठी

सहा महिन्यांत अर्धी टीम बदललेली असते. पाचव्या पायरीतला वजनाचा सराव आणि शेजाऱ्याचा ऑडिट ट्रेल वाचणं हे दोन्ही इंडक्शनच्या पहिल्या आठवड्यात घाला, आणि ते घेण्याची जबाबदारी वर्कशीटचा मसुदा लिहिणाऱ्या त्या ज्येष्ठ अ‍ॅनालिस्टवर नावानिशी टाका, त्यासाठी त्यांच्या शिफ्टमधले तास राखून.