थ्री-वे फ्रिजच्या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी

वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत एसी-फ्रिजचं काम शिकून आता कॅम्पर व्हॅनकडे वळत असाल, तर फ्रिजमागे कॉम्प्रेसर शोधायची सवय आधी सोडा. थ्री-वे फ्रिजमध्ये तो नसतोच. 230 व्होल्ट, गाडीची 12 व्होल्टची लाइन किंवा एलपीजीची ज्योत, यांपैकी एका वेळी एकाने बॉयलर तापवायचा आणि त्या उष्णतेवर अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचं चक्र फिरत ठेवायचं. 1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेली ही रचना. आत मोटर नाही, पंप नाही. द्रव वर चढतो तो उकळीच्या बुडबुड्यांबरोबर आणि खाली येतो तो निव्वळ नळीच्या उतारावरून.

नवे कारागीर फसतात ते या उताराशी. पावसाळ्यात पन्हळ एका बाजूला कलली की पाणी खड्ड्यात साचतं आणि पुढे जात नाही, तसंच इथे होतं. गाडी येऊरच्या चढावर लावली आणि फ्रिज रात्रभर गॅसवर चालू ठेवला, की द्रव मध्येच अडकतो आणि बॉयलरकडे परत येत नाही. ज्योत मात्र जळतच राहते. बॉयलर कोरडा तापतो. आतून गंज लागू नये म्हणून मिश्रणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, त्याचे खडे तयार होऊन बुडबुड्यांची बारीक नळी चोंदते. गाडी नंतर सपाट जागी आणली तरी बसलेला खडा निघत नाही. दर वेळी थोडं थोडं नुकसान साठत जातं आणि एक दिवस फ्रिज गार होणं बंद होतं. त्या दिवशी गाडी सपाट उभी असते, म्हणून खरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. मालक म्हणतो थंडावा कमी आहे, नवा मुलगा थर्मोस्टॅट वाढवतो. आग आणखी वाढते आणि नळी आणखी लवकर चोंदते.

म्हणून तक्रार आली की हत्यारांच्या पेटीतून सर्वांत आधी पाणसळ काढा. ती गाडीच्या फरशीवर ठेवू नका, फ्रीझरच्या तळावर ठेवा, कारण फ्रिज बसवतानाच वाकडा बसलेला असू शकतो. आडवी बघा, मग उभी बघा. बऱ्याच मॉडेलना डावी-उजवीकडे साधारण 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंश चालतात. 60 सेंटिमीटर रुंदीच्या फ्रिजला 3 अंश म्हणजे एका बाजूला फक्त 3 सेंटिमीटरचा फरक. डोळ्यांना तो दिसतही नाही. चाकाखाली फळी घाला, मगच पुढचं बोला. चालत्या गाडीत मात्र एवढी काळजी नको. हेलकाव्यांनी द्रव हलत राहतो, अडकून बसत नाही.

चोंदलेला फ्रिज काढून उलटा ठेवायचा उपाय काही उस्ताद सांगतात. अडकलेला द्रव त्याने कधी कधी मोकळा होतो, पण क्रोमेटचा खडा विरघळत नाही. गिऱ्हाइकाला महिनाभर खूश ठेवून पुन्हा बोलावणं हा धंदा मला पटत नाही. ‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याला तर फ्रिजला हातच लावू देऊ नका. हे युनिट कारखान्यातच जास्त दाबाने भरून सीलबंद केलेलं असतं. मागच्या नळ्यांच्या जोडाशी हळदीसारखी पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला, तर युनिट फुटलेलं आहे, पूर्ण बदलावं लागेल. ती पूड विषारी आहे, बोटाने पुसून बघू नका. नळी कापणं तर अजिबात नको.

12 व्होल्टवर फ्रिज फक्त इंजिन चालू असतानाच चालवायचा. साधारण 12 अँपिअर ओढतो, म्हणजे 100 अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यावर यायला चार तास पुरतात. इग्निशनवर चालणारा, म्हणजे चावी बंद होताच लाइन तोडणारा रिले बसवाच, माणसाच्या आठवणीवर सोडू नका. वायरिंगमध्येही काटकसर नको. बॅटरी 6 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 12 मीटर वायर होते. 2.5 स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये तिथे जवळजवळ 1 व्होल्ट पडतो आणि 12 च्या जागी 11 व्होल्ट पोचले की हीटरची उष्णता 16 टक्क्यांनी घटते. 6 स्क्वेअरची वायर घातली तर हाच फरक 0.4 व्होल्टवर येतो. इन्व्हर्टरवरून 230 चालवून बॅटरी वाचत नाही, भार तोच राहतो.

ठाण्याच्या मे महिन्यात फ्रिजच्या माहितीच्या प्लेटवरचा क्लायमेट क्लास, म्हणजे बाहेरच्या किती तापमानापर्यंत तो नीट चालेल ते, वाचा. ‘एन’ 32 अंशांपर्यंत, ‘एसटी’ 38 पर्यंत, ‘टी’ 43 पर्यंत. बंद गाडीत उन्हामुळे हवा याहून तापते, म्हणून खालचा आणि वरचा व्हेंट मोकळा हवाच. खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर. फ्रिजची पाठ आणि राहायची जागा यांच्यामधलं सील मात्र पक्कं हवं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. चालत्या गाडीत आणि पेट्रोल पंपावर ज्योत बंद, सिलिंडरचा कॉकही बंद. रेग्युलेटरचा दाब प्लेटवरच्या आकड्याशी जुळवा आणि जोड साबणाच्या पाण्यानेच तपासा.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर निम्मी काळजी आताच घ्यावी लागते. फ्रिज रिकामा करा, बर्फ आपोआप वितळू द्या, सुरीने खरवडू नका. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून आतून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. दार लॅचवर किंचित उघडं ठेवा. बंद दारामागे नवी मुंबईच्या दमट हवेत आठवड्यात बुरशी येते आणि तो वास गॅस्केटमधून लवकर जात नाही. 12 व्होल्टचा फ्यूज काढा, सिलिंडर बंद करून सोडवून ठेवा. व्हेंटला पाऊस अडवणारं कव्हर लावा. बारीक जाळीही लावा, पण गाडी पुन्हा वापरायला काढताना कव्हर उतरवायचं लक्षात ठेवा. बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतो आणि कुंभारमाशी मातीचं घर बांधते, म्हणून जाळी.

पावसानंतर चालू करताना घाई नको, बिघाड होईल असं समजून घाबरायचंही कारण नाही. सिलिंडर जोडण्याआधी बर्नरवरच्या चिमणीतला गंजाचा भुगा ब्रशने झाडा. बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटचं छिद्र केसाएवढं असतं, त्यात सुई घातलीत तर ते मोठं होऊन ज्योत पिवळी येईल आणि काजळी धरेल. जेट स्पिरिटमध्ये भिजवा, हवेने फुंका. दारात कागदाची पट्टी धरून ओढा, सहज सुटली तर गॅस्केट सैल आहे. मग सपाट जागेवर 230 व्होल्टवर लावा, मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास आणि त्यात थर्मामीटर ठेवा. पहिले सहा-आठ तास काहीच होत नाही असं वाटेल, थांबा. दुसऱ्या सकाळी पाणी 5 अंशांच्या आसपास आलं की गॅसवर जा. पाइपमध्ये हवा असल्याने चार-पाच वेळा पेटवावं लागेल, दोन प्रयत्नांमध्ये गॅस विरायला वेळ द्या. ज्योत निळी आणि आवाज एकसारखा आला की चावी मालकाच्या हातात द्या.