तारेत करंट सोडायच्या आधी जरा थांबा

पीक काढणीला आलं की डुकरं, मोकाट गुरं, चोर सगळ्यांनाच आपलं रान दिसायला लागतं आणि मग कोणीतरी सल्ला देतोच, तारेला मेन लाईन जोडून टाक, एका रात्रीत विषय संपेल. विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. "माझं रान, न विचारता घुसला तर त्याचं तो बघेल" हे पारावर बोलायला ठीक, कोर्टात टिकत नाही. 1963 साली सुप्रीम कोर्टाने चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या केसमध्ये हेच सांगितलंय, ग्रेगरीने आपला संडास दुसरे वापरतात म्हणून वाटेत उघडी तार लावून करंट सोडला, शॉक लागून एक बाई मेली, आणि ती परवानगीशिवाय आली होती हा बचाव चालला नाही, शिक्षा कायम राहिली. इंग्लंडात तर 1828 मध्येच निकाल लागलेल्या एका केसमध्ये ट्युलिपच्या बागेत लपवून ठेवलेल्या, तारेला धक्का लागताच आपोआप उडणाऱ्या बंदुकीने एक पोरगा जखमी झाला, बिचारा भिंतीवरून उतरला होता उडून आलेली लांडोर पकडायला, आणि भरपाई बागवाल्याला द्यावी लागली. चोर पकडायला ठेवलेला सापळा चोर ओळखत नाही ना!

तार लावायचीच असेल तर झटका मशीनच घ्या, त्यात करंट थांबून थांबून क्षणभरच येतो, माणूस हात सोडवू शकतो, मेन लाईनचा करंट धरून ठेवतो. पाटी लावा, चित्र असलेली, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही, आणि पायवाट जिथे तारेला भिडते तिथे तर नक्कीच. पण पाटी लावली म्हणजे सुटलो असंही नाही हां, उघडी तार ती उघडीच.

मजूर, व्यापारी, पाहुणे यांना तर आपणच बोलावतो, त्यांच्यासाठी जबाबदारी अजून जास्त, गवतात झाकलेला खड्डा किंवा मोडकी शिडी आपल्याला माहीत असते, त्यांना नसते, तेवढं आधी दाखवा.

लहान पोरांचं मात्र वेगळं धरा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या 1921 च्या केसमध्ये सार्वजनिक बागेतली चेरीसारखी दिसणारी विषारी फळं खाऊन सात वर्षांचा मुलगा गेला होता, तेव्हा पोरांना भुरळ पडेल अशी घातक वस्तू नुसती उघडी ठेवणं चालत नाही असं कोर्टाने म्हटलं. म्हणून फवारणीचं औषध कुलुपात, कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच नाही, विहिरीवर जाळी आणि ट्रॅक्टरची चावी खिशात.