राफ्टिंगचं बुकिंग करण्याआधी: कोल्हापूरकरांनी कुणाला काय विचारावं

कोल्हापुरातून राफ्टिंगला निघालेल्या बहुतेक गाड्या बेळगावमार्गे दांडेलीला जातात, म्हणजे खरं तर गणेशगुडीला, काळी नदीवर. काही ग्रुप कोलाडला कुंडलिकेवर जातात, तर पावसाळ्यात काही जण गोव्यात वाळपईकडे म्हादई गाठतात. तिन्हीकडचं पाणी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचं. पाणी किती अवघड हे सांगणाऱ्या सहा श्रेणींच्या मापात हे मधलं पाणी झालं. नवख्या माणसाला झेपतं, पण गाईड कच्चा असेल तर जीवही घेऊ शकतं.

पॅकेज विकणारा माणूस राफ्टमध्ये बसत नाही, हे आधी लक्षात घ्या. एजंट गाडी, जेवण आणि मुक्काम एकत्र विकतो. रिसॉर्टवाला पुढे नदीवरच्या कुणाला तरी माणसं देतो, आणि गर्दीच्या रविवारी ती तिसऱ्याच्याच राफ्टवर चढतात. म्हणून दर विचारण्याआधी विचारा, ‘राफ्ट कुणाच्या? गाईड कुणाचे?’ ज्याच्या राफ्ट आहेत त्याचा, म्हणजे ऑपरेटरचा, नंबर घ्या आणि पुढचे प्रश्न त्यालाच करा. एजंट नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर दुसरा एजंट बघा.

पैशाचं बोलणंही तेव्हाच उरकावं. काठावर पोचल्यावर ‘नको’ म्हणणं अवघड जातं, कारण माणशी पैसे आधीच भरलेले असतात आणि गाडी भरून लोक आलेले असतात. राफ्टिंगची रक्कम पॅकेजमधून वेगळी काढून घ्या, तिचा ॲडव्हान्स कमीत कमी ठेवा, आणि ‘पाण्यामुळे रद्द झालं किंवा साहित्य पाहून आम्ही नकार दिला तर राफ्टिंगचे पैसे परत’ एवढी ओळ व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. चांगल्या ऑपरेटरला या ओळीचं काही वाटत नाही, कारण तो स्वतःच अधूनमधून फेऱ्या रद्द करत असतो.

कागदपत्रांत राज्य बदललं की नियम बदलतात. महाराष्ट्रात २०२१ च्या शासन निर्णयानुसार साहसी पर्यटन चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. कोलाडच्या ऑपरेटरकडे ते प्रमाणपत्र मागा आणि त्यावर राफ्टिंग हा उपक्रम लिहिलेला आहे का ते बघा. नुसत्या ट्रेकिंगच्या नोंदणीचा इथे उपयोग नाही. दांडेलीला मात्र महाराष्ट्राचा कागद चालत नाही, तिथे कर्नाटकातली परवानगी हवी. विम्याचंही विचारा. पॉलिसी चालू आहे का, आणि ती पर्यटकांना लागू होते की फक्त कर्मचाऱ्यांना?

पाणी कुठून येतं?

काळी आणि कुंडलिका या दोन्ही नद्यांवरचं राफ्टिंग वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर चालतं. काळीला ते सुपा धरणाचं, कुंडलिकेला भिरा वीजघराकडून सकाळी येणारं. कोलाडला जायचं तर आदल्या रात्रीचा मुक्काम धरा. पहाटे कोल्हापुरातून निघालात तर तुम्ही पोचेपर्यंत पाणी ओसरलेलं असेल. जाणत्या ऑपरेटरला पाणी कधी सुटतं हे ठाऊक असतं, तो वेळ बांधून देतो. ‘कधीही या, करून देतो’ म्हणणाऱ्याकडे एक तर उथळ पाण्यात दगडांवर घासत जाल, नाहीतर छोट्या फेरीलाच राफ्टिंग म्हणून परत याल. म्हणून किती किलोमीटर, किती रॅपिड (खडकांतून फेसाळत जाणारे जोराचे टप्पे) आणि पाण्यात किती वेळ, हे तिन्ही विचारून ठेवा.

म्हादईचं गणित वेगळं. ती पावसावर चालते आणि रात्रीत चढते. तिथे विचारा, ‘कुठल्या खुणेला पाणी आलं की बंद ठेवता?’ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असं आपल्याकडे ठरलेलं आहे. तशी ठरलेली खूण ऑपरेटरकडेही हवी, मग ती खडकावर रंगवलेली का असेना. ‘बघून ठरवतो’ हे उत्तर पुरेसं नाही. बघणाऱ्यासमोर चाळीस जणांचे पैसे उभे असतात.

गाईड

वर्षांचा अनुभव सगळेच सांगतात. त्यापेक्षा नेमकं विचारा. प्रत्येक राफ्टला स्वतंत्र गाईड आहे का? त्याचं प्रशिक्षण कुठे झालं? गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था, मनालीची पर्वतारोहण संस्था किंवा आंतरराष्ट्रीय राफ्टिंग महासंघाचं गाईड प्रमाणपत्र, यांपैकी काही आहे का? प्रथमोपचार आणि सीपीआरचं (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचं) प्रशिक्षण शेवटचं कधी केलं? ते दोन-तीन वर्षांनी नव्याने करावं लागतं, त्यामुळे आठ वर्षांपूर्वीचा कागद चालत नाही. आणखी एक प्रश्न हमखास उपयोगी पडतो: ‘राफ्ट उलटली तर पहिल्या मिनिटात काय करता?’ तयार गाईड न अडखळता सांगतो: डोकी मोजायची, राफ्टवर चढून ती सरळ करायची, लोकांना काठाकडे किंवा दुसऱ्या राफ्टकडे वळवायचं. ‘आमची कधी उलटतच नाही’ म्हणणाऱ्याने सराव केलेला नसतो.

एकटी राफ्ट सोडणाऱ्याकडे जाऊ नका. किमान दोन राफ्ट एकत्र हव्यात, नाहीतर सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे बचावासाठीची एकट्याची छोटी होडी, हवी. कयाकवाला पुढे जाऊन रॅपिडच्या खाली थांबतो, कारण पडलेला माणूस तिथेच वाहत येतो. माणसांचा आकडाही ठरवून घ्या. १४ फुटी राफ्टमध्ये गाईड सोडून फार तर ८, १२ फुटीत ६. ‘एकच ग्रुप आहे, बसा की सगळे’ याला भुलू नका. जादा माणसांमुळे वल्ही एकमेकांवर आपटतात, राफ्ट वेळेत वळत नाही आणि खडकावर आडवी बसते.

काठावर

लाईफ जॅकेट आधी. तलावातल्या बोटिंगची नाडी बांधायची पातळ जॅकेटं इथे चालत नाहीत. बाजूला आवळता येणारे पट्टे आणि बकल हवेत. सगळे पट्टे आवळा आणि मित्राला दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर माप चुकलंय. गाईड तुम्हाला पाण्यातून खांद्यांपाशीच धरून वर काढणार असतो. आतला फोम दाबून बघा; दबून तसाच राहिला तर तो मेलेला आहे. लेबलवर ५० न्यूटन असेल तर सुमारे ५ किलोची उचल मिळते, जी शांत पाण्यात पोहता येणाऱ्याला पुरते. रॅपिडच्या फेसात हवा मिसळलेली असल्याने उचल आणखी घटते, म्हणून ७० किंवा जास्त बरं. लेबलच पुसलेलं असेल तर दुसरं मागा.

हेल्मेट पाण्यासाठीचंच हवं, बांधकामावरचं नको. पट्टा लावून डोकं जोरात हलवा, ते कपाळावरून मागे सरकता कामा नये.

राफ्ट हाताने दाबून बघा, पण एक गंमत लक्षात ठेवा. उन्हात तापलेली राफ्ट टणक लागते, गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसून ती सैल पडते. चांगला गाईड पाण्यात टाकल्यावर पुन्हा पंप मारतो. बाहेरून फिरवलेला दोर ताठ हवा, लोंबता दोर हातापायात अडकतो. गाईडच्या हाताशी १५-२० मीटर तरंगत्या दोराची थ्रो बॅग (पडलेल्याकडे फेकायची पिशवी) आणि जॅकेटवर चाकू दिसला पाहिजे. दोर गाडीत ठेवला असेल तर नसल्यासारखाच.

निघण्याआधीची सूचना फोटोंच्या गडबडीत दोन मिनिटांत उरकली तर थांबवा. तिच्यात एवढं तरी यायला हवं: वल्ह्याच्या टोकाची मूठ सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातात, पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि बोटं वर, गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उभं राहू नका, पाय दगडांत अडकला की प्रवाह माणसाला पालथा पाडतो, दोर मिळाला तर खांद्यावरून छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका. नंतर शांत पाण्यात एकदा उतरवून पुन्हा चढायचा सराव करून घेणारा ऑपरेटर भेटला तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

पंचगंगेत आणि रंकाळ्यात पोहून तयार झालेले पट्टीचे पोहणारे इथे जॅकेट सैल ठेवतात. पोहणं येतं म्हणून रॅपिड सोडत नाही, तेव्हा अशा मित्राचे पट्टे तुम्हीच आवळा. दमा, हृदयविकार, फिट येणं, गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन लपवू नका. आदल्या रात्रीची पार्टी परतीच्या मुक्कामावर ढकला.

राहिलं पावसाळ्यातलं गावठी राफ्टिंग. भोगावती किंवा पंचगंगेवर ट्यूब नाहीतर बोट घेऊन ‘बंधाऱ्यावरून उडी’ मारायला बोलावणारं कुणी भेटलं तर जाऊ नका, गाईड कितीही तयार असो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडतं तेव्हा पायथ्याशी ते उलटं फिरून पुन्हा भिंतीकडे ओढतं, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. नैसर्गिक रॅपिडमध्ये बहुधा बाजूने सुटायला वाट असते, इथे नसते, आणि जॅकेट घातलेला माणूससुद्धा त्यात गोल गोल फिरत राहतो. वरच्या अंगाने येणाऱ्याला ती जागा नुसती सपाट रेघ दिसते.